‘अहमद’ नव्हे, ‘अहसन’: मदुराईच्या सुलतानांची नाणी

प्रश्न थोडक्यात असा. प्रश्नकर्त्या ताईंचे आजोबा १९६० च्या दशकात नोकरीनिमित्त काही वर्षं मदुराईला होते. त्यांच्या मागे पितळेच्या डबीत सात छोटी, काळपट तांब्याची नाणी निघाली. एका विक्रेत्याने त्यांतलं एक उलटसुलट करून पाहिलं आणि सांगितलं, ‘बहमनी, अहमदशाह. चालू माल आहे, किलोने येतो.’ ताई विचारतात: हे बरोबर का? नसेल तर ही नाणी कोणाची, आणि ओळखायची कशी?

ताई, फोटो मी दोन रात्री भिंगाखाली पाहिले. विक्रेत्याचं निदान चुकलंय. पण ही चूक सहज होण्यासारखी आहे, कारण महाराष्ट्रात फारसी अक्षरांचं जुनं तांबं समोर आलं की आपला हात आपोआप बहमनींकडे किंवा निजामशाही-आदिलशाहीकडे जातो. जुन्या बाजारात दिसतं तेच. मी स्वतः दामगानशाहाचं (हा मदुराईचाच एक सुलतान, पुढे भेटेल) एक नाणं आठ वर्षं मुहम्मद तुघलकाच्या पाकिटात घालून ठेवलं होतं. तेव्हा हसायचा अधिकार मला नाही.

तुमच्या पहिल्या फोटोतलं नाणं मदुराईच्या सुलतानाचं आहे. दक्षिण टोकाच्या या प्रदेशाला अरब आणि फारसी लेखक ‘माबर’ म्हणत, म्हणून या राजवटीला माबरची सल्तनत असंही म्हणतात. एकूण आठ सुलतान आणि जेमतेम पंचेचाळीस वर्षं. शालेय पुस्तकात यांना एक ओळही मिळत नाही.

आधी ते ‘अहमद’चं प्रकरण मिटवू. फोटो मोठा करा आणि शब्द उजवीकडून वाचा. आधी सरळ उभा दांडा, तो अलिफ. मग ‘हे’ हे अक्षर. इथपर्यंत ‘अहमद’ आणि ‘अहसन’ सारखेच. फरक पुढे पडतो. ‘अहमद’मध्ये यानंतर मीमची छोटी गाठ येते आणि शेवटी दाल, म्हणजे एक लहानसा कोन, कोयत्याच्या टोकासारखा. ‘अहसन’मध्ये ‘हे’नंतर सीनचे दाते येतात आणि शेवटी नून, खोलगट वाटीसारखा. तुमच्या नाण्यावर गाठ नाहीच. दाते झिजून नुसती लांब रेघ उरली आहे, पण शेवटची वाटी चांगली खोल आहे आणि वरच्या ओळीत घुसली आहे. दाल कधी एवढा पसरत नाही. शिवाय मागच्या बाजूला ‘जलालुद्दुन्या वद्दीन’मधला ‘जलाल’ निम्मा शाबूत आहे. बहमनी अहमदशाहांत एक शिहाबुद्दीन, एक अलाउद्दीन. जलाल त्यांच्यात कोणी नाही. म्हणजे हा जलालुद्दीन अहसनशाह, मदुराईचा पहिला सुलतान.

वजनही पाहा. तुम्ही ३.४ ग्रॅम लिहिलं आहे. या घराण्याची बरीचशी नाणी दिल्लीच्या जितल या छोट्या नाण्याच्या तोलाची, साडेतीन ग्रॅमच्या आसपास भरतात, आणि काही त्याच्या निम्मी. चकती लहान आणि जाड असते. ठसा चकतीपेक्षा मोठा असल्यामुळे लेखाचा, म्हणजे नाण्यावरच्या मजकुराचा, काही भाग नेहमीच बाहेर राहतो. त्यामुळे ‘अर्धंच उमटलंय, म्हणजे खोटं’ असं समजू नका. पूर्ण लेख एका नाण्यावर मिळाला तर मलाच जरा शंका येते.

आता हा अहसनशाह कोण? अलाउद्दीन खिलजीचा सेनापती मलिक काफूर १३११ मध्ये माबरवर चालून गेला तेव्हा वाटेत देवगिरीच्या रामदेवरायाने त्याला रसद आणि माणसं पुरवली होती. म्हणजे या गोष्टीच्या पहिल्या पानावर आपलाही हात आहे. काफूर लूट घेऊन परतला. प्रदेश खऱ्या अर्थाने दिल्लीला जोडला गेला तो १३२३ च्या सुमारास, उलुघखानाच्या, म्हणजे पुढच्या मुहम्मद तुघलकाच्या स्वारीत. त्यानंतर मदुराईला दिल्लीचा सुभेदार बसू लागला. सय्यद जलालुद्दीन अहसन हा त्यांच्यापैकीच एक. मूळचा उत्तरेकडच्या कैथलचा. १३३४-३५ च्या सुमारास त्याने दिल्ली झुगारली, स्वतःच्या नावाने खुत्बा (शुक्रवारच्या नमाजातलं प्रवचन, त्यात राजाचं नाव घेत) पढवला आणि नाणी पाडली. त्या काळी बंडाची घोषणा अशीच होई. फर्मान गावोगाव पोचायला वेळ लागतो, नाणं मात्र बाजारातून आपोआप फिरतं.

त्याच्या नाण्यांवरचा लेख मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याने लिहून ठेवला आहे. बतूता अहसनशाहाचा जावई होता, दिल्लीत असताना त्याने याच्या मुलीशी लग्न केलं होतं. तेव्हा ही घरातली माहिती समजायची. लेख असा: एका बाजूला ‘ताहा आणि यासीन यांचा वंशज, फकीर आणि गोरगरिबांचा पिता, जलालुद्दुन्या वद्दीन’, दुसऱ्या बाजूला ‘दयाघनाच्या साहाय्यावर विसंबलेला अहसनशाह सुलतान’. ताहा आणि यासीन हे कुराणातल्या दोन सुरांच्या, म्हणजे अध्यायांच्या, आरंभीचे शब्द. पैगंबरांसाठीही ते वापरतात. दुसऱ्या बाजूची भाषा दिल्लीच्या नाण्यांच्या वळणाची आहे, पण पहिल्या बाजूने अहसनशाहाने दिल्लीला जे सुनावलंय ते मला फार आवडतं. तुम्ही तुर्क सुलतान असाल, मी सय्यद आहे. सैन्य कमी होतं, तेव्हा कुळ पुढे केलं.

मुहम्मद तुघलक त्याला धडा शिकवायला स्वतः निघाला. वारंगळपर्यंत पोचला आणि छावणीत साथ पसरली. माणसं पटापट मेली, सुलतान स्वतः आजारी पडला आणि दौलताबादकडे मागे फिरला. या परतीच्या वाटेत बीडजवळ त्याचा एक दात पडला. तो त्याने तिथेच पुरून वर इमारत बांधली, अशी फरिश्ता या फारसी इतिहासकाराची हकिगत आहे. बीडच्या लोकांना ते ठिकाण माहीत असतं, बाकीच्यांना मी सांगितलं की चेष्टा वाटते. दिल्ली पुन्हा माबरकडे फिरकली नाही. तुमच्या डबीतलं नाणं ज्या कारणाने पडत राहिलं ते हेच.

अहसनशाहाला त्याच्याच एका सरदाराने मारलं. त्याच्या नाण्यांवरची हिजरी ७३८ आणि ७३९ ही सालं नीट वाचता येतात. इसवी सनात १३३७ ते १३३९. मग आला अलाउद्दीन. याचं पुढचं नाव नाण्यावर ज्या अक्षरांनी लिहिलंय ती कोणी उदौजी वाचतं, कोणी अदौजी, कोणी उदैजी, कारण स्वरचिन्हं नाहीत. मराठी माणसाला ‘उदौजी’ वाचून लगेच उदाजी पवार आठवतात. एका व्याख्यानानंतर एका गृहस्थांनी मला हा मराठा सरदार होता हे पटवून द्यायचा अर्धा तास प्रयत्न केला. नव्हता हो. तर हा उदौजी हिंदू सैन्यावर विजय मिळवून, पाणी पिण्यासाठी शिरस्त्राण काढून बसला होता. कुठूनसा एक बाण आला आणि तो जागच्या जागी गेला. वर्षभराचं राज्य. त्याच्या नाण्यांवर ७४०.

त्याचा जावई कुतबुद्दीन फिरोज गादीवर आला आणि चाळीस दिवसांत मारला गेला. चाळीस दिवस! तरीही त्याची नाणी आहेत, त्याच ७४० सालची. माझ्या मते या सगळ्या मालिकेतलं हे सर्वांत बोलकं नाणं. चाळीस दिवसांत ठसे कोरणाऱ्याला बोलावून, नवं नाव उलटं खोदून, चकत्या तापवून, ठोकून माल बाजारात गेलासुद्धा. याचा अर्थ टाकसाळ हाताशी होती, कारागीर तयार होते, आणि नवा सुलतान पहिलं काम कोणतं करी तेही कळतं. हे नाणं कमीच मिळतं. तुमच्या सातांत नाही, मी दोनदा पाहिलं.

चौथा ग्यासुद्दीन मुहम्मद दामगानशाह. तुमचं दुसरं आणि पाचवं नाणं याचंच आहे. हा पूर्वी दिल्लीच्या एका अमीराकडे साधा घोडेस्वार होता, पुढे अहसनशाहाचा जावई झाला. म्हणजे बतूताचा साडू. बतूता १३४४ मध्ये सिंहलहून येताना गलबत फुटून माबरच्या किनाऱ्याला लागला आणि याच साडूच्या छावणीत पाहुणा म्हणून राहिला. त्याने जे पाहिलं ते वाचवत नाही. पकडलेल्या खेडुतांना खांबांवर सुळी देणं, बायकामुलांची कत्तल. स्वतः बतूतालाही ते सोसलं नाही, आणि तो काही हळव्या मनाचा माणूस नव्हता. होयसळ राजा तिसरा वीर बल्लाळ याने श्रीरंगमजवळच्या कण्णनूरच्या सुलतानी किल्ल्याला वेढा घातला होता. किल्ल्यातल्यांनी शरणागतीबद्दल विचारायला म्हणून सवड मागितली, म्हाताऱ्या बल्लाळाने ती दिली, आणि त्या सवडीत ग्यासुद्दीन भर दुपारी, छावणी पेंगत असताना, घोडे चरायला सोडलेले असताना तिच्यावर येऊन पडला. बल्लाळ सापडला. त्याच्याकडून होतं नव्हतं ते उकळून मग त्याला मारलं, कातड्यात पेंढा भरून मदुराईच्या तटावर टांगलं. बतूता म्हणतो, मी ते लटकलेलं पाहिलं.

तो सुलतानही लवकरच गेला. मदुराईत साथ आली, घरातली माणसं दगावली, आणि एका जोग्याने दिलेल्या लोहयुक्त ताकदीच्या गोळ्या प्रमाणाबाहेर खाल्ल्याने तो स्वतःही आजारी पडून वारला. मग पुतण्या नासिरुद्दीन महमूद दामगानशाह. त्याची नाणी ७४५ ची, म्हणजे १३४४-४५. बतूता याच्याच वेळी निघून गेला.

आणि इथे दिवा विझतो. बतूता गेल्यावर मदुराईच्या दरबारात आत बसून लिहिणारा कोणी उरत नाही. पुढचे तीन सुलतान, शम्सुद्दीन आदिलशाह, फखरुद्दीन मुबारकशाह आणि अलाउद्दीन सिकंदरशाह, यांची नावं आणि सालं आपल्याला जवळपास फक्त नाण्यांवरून माहीत आहेत. तुमच्या डबीसारख्या डब्यांतून निघालेल्या, वैगई नदीच्या वाळूत सापडलेल्या, मदुराईच्या भांडीबाजारात वजनावर विकल्या गेलेल्या तांब्यावरून. हुल्श या जर्मन पुराभिलेखतज्ज्ञाने १९०९ मध्ये अशी नाणी एकत्र मांडून वंशक्रम लावला. त्याच्या चौकटीत भर पडत गेली आहे, पण चौकट तीच आहे.

सालं एका ओळीत मांडली की दोन खिंडारं दिसतात. पहिलं ७४५ ते ७५७, म्हणजे १३४५ ते १३५६. बारा वर्षं नाणंच नाही. नासिरुद्दीन तोवर जगला आणि त्याने नाणी पाडली नाहीत, की मदुराई मधल्या काळात हातातून गेली होती, यावर अभ्यासकांत वाद आहेत. मी पहिल्या बाजूला झुकतो, पण भांडणार नाही. दुसरं खिंडार ७७० ते ७७४, आणि ते जास्त महत्त्वाचं. मुबारकशाहाची नाणी ७६१ पासून ७७० पर्यंत, म्हणजे १३६८-६९ पर्यंत येतात. सिकंदरशाहाची ७७४ ला, म्हणजे १३७२ च्या जुलैनंतर, सुरू होतात. याच मधल्या काळात विजयनगरच्या बुक्कारायाचा मुलगा कुमार कंपण मदुराईवर आला. त्याची राणी गंगादेवी हिने ‘मधुराविजयम्’ या संस्कृत काव्यात नवऱ्याच्या हातून सुलतान मारला गेल्याचं वर्णन केलं आहे. कंपणाचा सेनानी गोपण्णा याने स्वाऱ्यांच्या काळात हलवलेली श्रीरंगमची मूर्ती परत नेऊन बसवली, त्याचा शिलालेख शके १२९३ चा, म्हणजे १३७१-७२ चा. काव्य, शिलालेख आणि नाण्यांतलं खिंडार, तिन्ही एका जागी येऊन भेटतात.

पण सहसा लोक इथेच पुस्तक मिटतात: ‘कंपणाने मदुराईची सल्तनत संपवली.’ नाणी म्हणतात, थांबा. सिकंदरशाह ७७९ पर्यंत, म्हणजे १३७७-७८ पर्यंत, नाणी पाडतो आहे. विजयानंतर सहा-सात वर्षं कुठेतरी एक सुलतान आहे, त्याच्याकडे ठसे आहेत, तांबं आहे आणि त्याचं नाणं घेणारा बाजार आहे. शहर त्याच्याकडे होतं की नुसता एखादा कोपरा, हे तांबं सांगत नाही. राज्य एका काव्यात संपलं नाही, एवढं मात्र नक्की सांगतं.

आता ओळखण्याचं. या घराण्याची गंमत, किंवा डोकेदुखी, अशी की जवळजवळ प्रत्येकाचं नाव दुसऱ्या कुणा मोठ्या सुलतानाचंही आहे. ग्यासुद्दीन वाचलं की माणूस तुघलकांकडे जातो. कुतबुद्दीन आणि मुबारकशाह या दोन्ही नावांनी खिलजींकडे. फिरोजशाह तर तुघलकही आहे आणि बहमनीही. सिकंदर लोदी, आदिलशाह विजापूरचा. त्यात अलाउद्दीन याच घराण्यात दोनदा येतो, उदौजी आणि सिकंदर. म्हणून एका बाजूवरची उपाधी वाचून कधीही निकाल देऊ नका. उपाधी आणि नाव, दोन्ही बाजू जोडून वाचा: कुतब अधिक फिरोज, शम्स अधिक आदिल, फखर अधिक मुबारक. जोडी जुळली तरच मदुराई. ‘अहसन’ आणि ‘दामगान’ ही नावं मात्र अशी आहेत की दिसली की प्रश्न मिटला. दामगान हे इराणातलं गाव. लिहिताना दोन अलिफ उभे राहतात आणि मधे मीम-गैनची जोडगाठ बसते. तुमच्या दुसऱ्या नाण्यावर डाव्या कडेला तीच आहे. मी आठ वर्षं ‘मुहम्मद’ वाचून खूश होतो, त्याखालचे दोन दांडे बघितलेच नाहीत.

तिसरं नाणं ‘आदिलशाह’ म्हणतं, आणि मागे शीन-मीम-सीनचे दाते आहेत. शम्सुद्दीन. विजापूर नव्हे. विजापूरच्या तांब्यावर बहुधा ‘असदुल्ला अल-गालिब’ किंवा ‘इब्राहीम अबलाबली’ अशी वळणं येतात. एकदा डोळ्यात बसली की घोटाळा होत नाही.

चौथं नाणं मात्र या पंगतीतलंच नाही, आणि ते वाचायला तुम्हाला माझी गरज नाही. एका बाजूला उभी मानवाकृती, दुसऱ्या बाजूला बसलेली, आणि तिच्या हाताजवळ तीन ओळींत चक्क नागरी: श्री / राज / राज. हे चोळ राजराजाच्या वळणाचं तांब्याचं नाणं, तमिळ मुलखात भरपूर मिळणारं. मदुराईच्या सुलतानांहून तीनेकशे वर्षं जुनं. आजोबांनी बहुधा एकाच फेरीवाल्याकडून मूठभर घेतलं असणार.

सहावं इतकं झिजलंय की जोखीम घेत नाही. सातव्यावर साल आहे, आणि ते तुम्ही उलटं धरलं आहे. अरबी अंकांत सात म्हणजे वर उघडा कोन आणि आठ म्हणजे तोच कोन पालथा. नाणं फिरवलं की सातशेचं आठशे होतं आणि माणूस बहमनींत जाऊन पडतो. आधी नाव सरळ लावा, मगच अंक वाचा. अंक नसून साल शब्दांत असेल तर ‘सबअमिया’, म्हणजे सातशे, हा शब्द आधी शोधा. एकक-दशक त्याच्या आधी येतात.

साफसफाईबद्दल: चिंच, लिंबू, पितळेची पॉलिश, काही नको. काळा गुळगुळीत थर हाच या नाण्यांचा दागिना आहे. अक्षरं त्याच थरात टिकली आहेत, तो गेला की लेख गेला. डिस्टिल्ड वॉटरमध्ये दोन-तीन दिवस ठेवा, पाणी रोज बदला, मऊ ब्रश फिरवा. माती अडकली असेल तर बांबूची टूथपिक, टाचणी नाही. पाचव्याच्या कडेला फिक्या पोपटी रंगाची भुकटी दिसते आहे. ती हिरवा थर नसून तांब्याला लागलेला रोग असावा. बोटाने पुसून बघा. भुकटी सुटली आणि काही दिवसांनी परत आली, तर ते नाणं आधी वेगळ्या डबीत, सिलिका जेलची पुडी घालून ठेवा. 

किंमत विचारली नाहीत, पण विचाराल. किलोचा भाव नक्कीच नाही. घर विकत घेण्यासारखाही नाही. शंभर वर्षांपुढची नाणी कायद्याने पुरावस्तू ठरतात आणि १९७२ च्या कायद्यानुसार ती देशाबाहेर नेता येत नाहीत, तेव्हा परदेशातल्या भाच्याला भेट म्हणून पाठवायचा विचार असेल तर सोडून द्या. प्रत्येक नाण्याला वेगळं कागदी पाकीट करा, वजन आणि व्यास लिहा, आणि ‘आजोबा, मदुराई, १९६० चं दशक’ हेही लिहा. हे शेवटचं सगळ्यात आधी लिहा, कारण नाणं परत वाचता येतं, कुठून आलं ते परत कळत नाही.

सहाव्याचा फोटो पुन्हा काढून पाठवा. फ्लॅश बंद, खिडकीजवळ, उजेड एका बाजूने तिरपा पडू द्या आणि नाणं थोडं थोडं फिरवत चार फोटो घ्या. मला त्यावर वर एक मोठा ‘काफ’ असल्यासारखा वाटतोय. सिकंदर असू शकतो.